खाली ठेवलेली घुंगरं

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एक निरोप आला. निम्मी गल्ली आता सुरतेला, उरलेली पुण्या-नाशकाला आणि काहीजण थेट वर गेलेले. तरी ग्रुपवर गर्दी बघाल तर बाजाराच्या दिवसासारखी. सकाळी सहापासून देवांचे फोटो, फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय. त्यात समोरच्या कापडवाल्याच्या मुलाने लिहिलं की यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांनी शहाद्यात जमायचं, गल्लीतच मांडव टाकायचा, जेवायचं, जुने दिवस आठवायचे. शेवटी लिहिलं होतं, 'काकू, तुम्ही तो घुंगराचा किस्सा सांगायचाच हं! काय हसायचो आपण!' त्याखाली दहा-बारा जणांनी हसरी तोंडं चिकटवली.

ती काकू म्हणजे मी. गल्लीत शेवटपर्यंत दुकान उघडं ठेवणारी मीच. आमचं कटलरीचं दुकान, म्हणजे रिबिनी, कंगवे, आरसे, मणी, कुंकू, टिकल्या, आणि होळीच्या आधी महिनाभर पितळी घुंगरं. मालक जाऊन चार वर्षं झाली. पोरं म्हणतात, आई, विकून टाक आणि सुरतेला ये. दिवाळीला शटर पाडलं ते पुन्हा वर केलं नाही.

गल्ली होती मात्र झकास, ते नाकारत नाही. सोमवारी बाजार असला की ब्राह्मणपुरीच्या बैलगाड्या उजाडायच्या आत नाक्यावर सुटायच्या. म्हसावदहून टेम्पो भरभरून माणसं यायची. एका बाजूला कापडवाला, भांडीवाला, चांदीवाला, दुसऱ्या बाजूला आम्ही, आमच्या शेजारी मनियार चाचांचं बांगड्यांचं दुकान आणि कोपऱ्यावर जिलेबीवाला. लग्नसराईत चाचांच्या ओट्यावर इतक्या बायका बसायच्या की त्यांना दुपारचा चहा उभ्यानेच घ्यावा लागायचा. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि आम्हाला त्याचा माज होता. हो, माजच. ग्रुपवर त्याला आपुलकी म्हणतात.

त्या आपुलकीची रीत अशी होती. सातपुड्यातून, तोरणमाळच्या बाजूने जी माणसं उतरायची, त्या प्रत्येक पुरुषाला आम्ही मामा म्हणायचो आणि प्रत्येक बाईला मामी. नातं इतकं जवळचं, पण मामाने ओट्यावर बसायचं नाही. त्याने रस्त्यावर उभं राहायचं, आपण वरून माल दाखवायचा. शेतकरी आला तर गादी झटकून बसवायचं, पाणी विचारायचं. मामा आला तर, 'काय पाहिजे रे, लवकर बोल.' फाटलेला कापडाचा ठाण, दांडी मोडलेला चष्मा, कुणी घेत नाही तो रंग, सगळं मामासाठी वेगळं काढून ठेवलेलं असायचं. कापडवाला तर मोजताना गज असा फिरवायचा की तीन वाराचं कापड घरी जाऊन पावणेतीन भरायचं. वर पुन्हा गल्लीभर सांगायचा. आणि आम्ही हसायचो. मीही हसायचे, मला सोवळी समजू नका.

होळीच्या आधीचे दिवस मात्र वेगळे. डोंगरात होळीला जे नाचतात त्यातल्या कित्येकांचा नवस असतो. नवसाचा माणूस होळीच्या आधी पाळणी पाळतो. पायात काही घालत नाही, खाटेवर की गादीवर बसत नाही, आंघोळ करत नाही, आपलं अन्न आपण रांधतो आणि बाईचा हात अंगाला लागू देत नाही. कमरेला बांधायचा घुंगरांचा पट्टा घ्यायला हे लोक आमच्याकडेच यायचे, कारण घुंगरं ठेवणारं दुकान गल्लीत आमचंच. सासऱ्यांच्या काळापासून घरात नियम होता, की त्या आठवड्यात बायकांनी दुकानात बसायचं नाही. धर्माची चाड होती अशातली गोष्ट नाही. गिऱ्हाईक बिचकू नये, एवढंच.

मी लग्न होऊन आले त्याला तीन-एक वर्षं झाली असतील. त्या सोमवारी घुंगरं संपत आली म्हणून मालक सकाळीच नंदुरबारला गेले होते. सासरे तापाने आत निजलेले. दुकान बंद ठेवायचं तर भर बाजारात शोभा. मी डोक्यावर पदर घेतला आणि गादीवर जाऊन बसले.

अकराच्या सुमाराला तो आला. तिशीचा असेल, काटकुळा, अनवाणी, अंगाला धुराचा वास. पायरीपासून चार हात लांब उभा राहिला.

"शेठ कुठे?"

"नंदुरबारला. काय पाहिजे?"

"पट्ट्याची घुंगरं."

"मी देते की."

"नको. शेठ येऊ दे. मी थांबतो."

आणि खरंच थांबला. विजेच्या खांबाची जेवढी सावली तेवढ्यात उभा. एक वाजला, दोन वाजले. मालकांचा पत्ता नाही. तीन वाजता तो पुन्हा पुढे आला. डोंगरात जाणारी शेवटची जीप चुकली तर म्हसावदच्या पुढे सगळी वाट पायी तुडवावी लागणार होती.

"बाई, तूच दे," तो म्हणाला. डोंगरातली माणसं सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात अपमान नसतो. "पण हातात नको देऊ. खाली ठेव. माझी पाळणी आहे."

मग त्याने मला सगळं सांगितलं. न विचारताच, हळू आवाजात. त्याच्या मुलीला झटके यायचे. डोळे फिरायचे, दातखीळ बसायची. सात वर्षांची होती. त्याने देवाला बोललं होतं, पोर बरी कर, पाच होळ्या पाळणी धरून नाचेन. चार झाल्या होत्या. "झटके कमी झाले," तो म्हणाला. "ही शेवटची होळी. ही झाली की ती बरी." हे सांगताना तो हसला होता. मला माहीत नव्हतं असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सगळं माहीत होतं.

घुंगरं घेण्याची त्यांची एक पद्धत असते. तयार पट्टा ते घेत नाहीत. एकेक घुंगरू कानाशी वाजवून बघायचं, बद्द वाजलं तर परत करायचं, खणखणीत वाजलं तर बाजूला ठेवायचं, आणि मग दुकानदाराने ती चामड्याच्या पट्ट्यात ओवून द्यायची. मालक हे काम प्रेमाने करायचे. मला कुठला एवढा धीर? त्यात याचं खाली ठेव. मी गादीवरून उठायचं, पायरी उतरायची, वाकून घुंगरू जमिनीवर ठेवायचं, मागे सरायचं. मग तो पुढे येणार, उचलणार, वाजवणार, मान हलवणार आणि परत खाली ठेवणार. मी पुन्हा वाकून ते उचलायचं आणि दुसरं ठेवायचं. पाच झाली, सात झाली, दहा झाली.

समोरचा कापडवाला हे बघत होता. त्याचं गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं आणि तोंड रिकामं होतं.

"काय वहिनी," तो तिथून ओरडला, "आज तर मामाना पाया पडी ऱ्हायन्यात तुम्ही!"

गल्ली हसली. भांडीवाला बाहेर आला. जिलेबीवाल्याने झारा खाली ठेवला.

"तुम्हना हातनं काहीच लेत नही तो," कापडवाला पुन्हा म्हणाला. "तुम्हनाच इटाळ व्हस त्याले!"

आता हसायला पूर्ण बाजार होता. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. ज्याला आम्ही ओट्याला टेकू देत नाही, त्याच्यापुढे मी भर बाजारात वाकतेय आणि वर माझाच विटाळ? नवी सून होते, रूपाचाही थोडा ताठा होता, चाचांकडून भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या. हा कोण लागून गेला माझा हात नको म्हणणारा? हेच आलं मनात, दुसरं काही नाही.

तरी मी पट्टा पूर्ण ओवला. त्याने पैसे आधीच पायरीवर ठेवले होते. तो वाट बघत होता, मी खाली ठेवून मागे सरेन म्हणून. शेजारून मनियार चाचा म्हणाले, "बेटी, रख दे नीचे. मन्नत का आदमी है, जाने दे उसको." चाचांनी तसं म्हणायला नको होतं. आणखी एकजण मला शिकवायला निघाला, असं झालं मला.

"आज त्याले मन्हाच हातनं लेनं पडी!" मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी पायरी उतरले, त्याचं मनगट धरलं आणि पट्टा त्याच्या तळहातावर आपटला. "घे! मेलास का माझा हात लागून?"

काय हशा पिकला म्हणून सांगू! कापडवाला गजाने फळी बडवत होता. भांडीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. जिंकल्यासारखं वाटलं मला.

त्याने हात झटकला नाही. बोटं नुसती सैल केली, आणि पट्टा खणकन रस्त्यावर पडला. तो आपल्या मनगटाकडे बघत राहिला, मग तिथेच धुळीत बसला. "काय केलं गं बाई," एवढंच म्हणाला. ओरडून नाही. चाचा ओट्यावरून उतरून पाणी घेऊन गेले, ते त्याने घेतलं नाही. थोड्या वेळाने उठला आणि नाक्याकडे चालायला लागला.

"अरे मामा, तुझी घुंगरं!" मी मागून ओरडले. त्यावर गल्ली पुन्हा हसली.

संध्याकाळी मालक आले. नाक्यापासून दुकानापर्यंत येईतो चार तोंडांतून त्यांनी ऐकलं होतं. आधी म्हणाले, "तुले काही अक्कल शे का?" आणि जेवताना त्यांनाही हसू आलं. पट्टा आतल्या खोलीत खिळ्याला लटकवला. "इ तो परत लेवाले," म्हणाले, म्हणजे येईल तो परत घ्यायला.

तो आला नाही. पुढच्या होळीला त्याच्या पाड्यावरचे दोघे आले. मी पडद्याआड होते. मालकांनी सहज विचारलं, तो मामा कुठे यंदा, त्याचा पट्टा पडलाय.

"तो नाही नाचत आता," एकजण म्हणाला. "पोरगी गेली त्याची. पावसाळ्यात. झटका आला, नाल्यात पडली."

दुसरा म्हणाला, "पाळणी फुटली होती."

पडद्यामागून मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मालकांनी घुंगरं खाली ठेवली, त्यांनी उचलली, गेले. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. मनात म्हटलं, फेफरं होतं, दवाखान्यात न्यायला हवं होतं, कुणी मनगट धरल्याने का पोरं मरतात? आजही मी हेच म्हणते. माझा हात लागला म्हणून ती मेली, असं मी मानत नाही. पण तो मानतो. त्याच्या लेखी त्याची मुलगी बरी होत आली होती, एक होळी उरली होती, आणि एका दुकानदाराच्या बायकोने चार लोकांना हसवण्यासाठी तिला मारलं. इतकी वर्षं तो हे धरून जगतोय, आणि त्यात तो कुठे चुकतोय ते मला सांगता येत नाही.

हे कळल्यावर मी सुधारले असेन असं वाटलं असेल तुम्हाला. कशाचं काय! कापडवाल्याला त्या खेळाची चटकच लागली. होळी जवळ आली की तो वाट बघायचा. पाळणीचा माणूस दिसला की बायकोला बाहेर बोलवायचा, "जाय वं, जरा धक्का लाव त्याले." ती जायची, चुकून लागल्यासारखं करायची. एकदा जिलेबीवाल्याच्या बहिणीने एकाचा हातच धरून त्याला नाचवला. प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं, सुरुवात काकूंची! मी एकदाही बंद करा म्हटलं नाही. दोनदा तर हसलेसुद्धा. मुलगी गेली हे माहीत असून हसले. त्या हसण्याला काय म्हणायचं ते ग्रुपवाल्यांनी ठरवावं.

मग डोंगरातली माणसं कमी झाली. आधी पाळणीवाले यायचे थांबले. मग त्यांच्या बायका मण्यांना येईनात, मग चांदीवाल्याकडे कुणी फिरकेना, मग लग्नाच्या कापडालाही नाही. म्हसावदला त्यांच्याच पोरांनी दुकानं टाकली होती, तिथे बाकावर बसायला मिळायचं. शहाद्यात आले तरी आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे जायचे. आम्ही ओट्यावर उभे राहून, "ए मामा, ये ना, बस ना," असं बोलवायचो. एवढी वर्षं कुणाला बस म्हटलं नव्हतं, आता घसा कोरडा होईतो म्हणत होतो. कुणी मान वळवायचं नाही. ग्रुपवर लिहितात, नव्या रस्त्याने गल्ली खाल्ली, मोबाइलवरच्या खरेदीने खाल्ली. तेही असेल. पण रस्ता झाला तेव्हा चांदीवाल्याने दुकान विकून दोन वर्षं झाली होती, हे मला पक्कं आठवतं.

तो निरोप आला त्या दिवशी मी आतली खोली आवरत होते. पेट्या हलवल्या आणि मागे खिळ्याला तो पट्टा दिसला. चामडं वाळून तडकलेलं, पितळ काळं पडलेलं. दर होळीला मालक म्हणायचे, विकी टाक, आणि दर होळीला मी काहीतरी निमित्त काढायचे. हलवला तर एकूण एक घुंगरू खणखणीत वाजलं. निवडलेलीच होती ती.

मी मोबाइल बंद केला. चिंचेने घासून पट्टा लख्ख केला. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून जीपमध्ये बसले. चुकीची माफी मागायची, त्याची वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं, एवढा साधा विचार होता माझा. पोरांना सांगितलं असतं तर म्हणाली असती, आई, या वयात काय खूळ हे! जीपवाला त्याच बाजूचा निघाला. पाड्याचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "म्हातारा आहे अजून. एकटाच असतो." तोरणमाळच्या घाटात जीप वळणं घेत चढली. दोनदा परत फिरावंसं वाटलं.

घर रस्त्यापासून थोडं खाली होतं. अंगणाला काट्यांचं कुंपण, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. तो उकिडवा बसून ती हाताने पसरत होता. केस सगळे पांढरे. मी कुंपणाशी उभी राहिले. त्याने वर बघितलं. आत ये म्हणाला नाही.

"मामा, ओळखलं का?"

त्याने उन्हाला हाताची आड धरली. "घुंगरंवाली," म्हणाला.

जीपमध्ये मी काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "चुकले मी," एवढंच निघालं. "तेव्हाच चुकले. सगळे हसत होते म्हणून..." तो फुलं पसरत राहिला. मला रडायला आलं, आणि माझंच मला ते खोटं वाटायला लागलं. मी पिशवीतून पट्टा काढला, दोन्ही हातांनी कुंपणावरून पुढे केला. घुंगरं वाजली. तेव्हा त्याचे हात थांबले. त्याने डोळे मिटून घेतले आणि आवाज बंद होईपर्यंत उघडले नाहीत.

"तुझा आहे," मी म्हटलं. "घे."

"खाली ठेव."

"अरे, होळी होऊन महिना झाला. आता कुठे पाळणी आहे?"

"पाळणी नाही," तो म्हणाला. "तेव्हा देवाला नको होता तुझा हात. आता मला नको."

मी कुंपणाच्या आत हात घालून पट्टा खाली ठेवायला वाकले.

"अंगणात नको," तो म्हणाला. "बाहेर ठेव."

मी बाहेर ठेवला. गुडघे धरलेत हल्ली, वाकायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. तो परत फुलं पसरायला लागला होता.